आजी साल सांगत नाही, सण सांगते : धाडची दिवाळी आणि एक पुसलेली हद्द

माझ्या दुसऱ्या प्रकरणाचा पहिला मसुदा गाईडकडून परत आला, तेव्हा समासात लाल पेनानं एकच ओळ सहा ठिकाणी लिहिलेली होती : "आठवण ठीक. साल?"

रागच आला होता खरं तर. पण आज वाटतं, माझ्या कामाला वळण मिळालं ते या तीन शब्दांमुळे. पेट पास होऊन सिनॉप्सिसची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "घरातल्या आठवणींवर संशोधन होतं का? की ते नुसतं ललित होतं?" होतं. पण आठवणीला साल लावावं लागतं, आणि कधी साल लागलं की आपलीच आवडती गोष्ट मोडते. माझी कशी मोडली ते सांगते.

आधी जागा समजून घेऊ

आमचं गाव धाड. जिल्हा बुलढाणा. बुलढाण्याहून भोकरदनकडे जाताना लागतं. धाड सोडून थोडं पुढं गेलं की जालना जिल्हा सुरू होतो. आज रस्त्यावर एक पाटी दिसते, बाकी काही कळत नाही. शेतं तीच, कापूस तोच, बोलीही बरीचशी तीच.

पण ही साधी जिल्ह्याची हद्द नाही. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. तोवर अलीकडं-पलीकडं एकच राज्य होतं. त्या सालापासून आमच्या बाजूला इंग्रजी अंमल आणि भोकरदनच्या बाजूला निजामाचा अंमल अशी विभागणी झाली. १९०२ साली कर्झनच्या काळात वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं गेलं, वर्षाला २५ लाख रुपयांवर, आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं, तरी हद्द राहिलीच, फक्त ती दोन राज्यांची झाली. पलीकडं हैदराबाद राज्य, अलीकडं मध्य प्रदेश. हो, धाड काही वर्षं मध्य प्रदेशात होतं आणि आपली राजधानी नागपूर होती! १ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड आणि मराठवाडा दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले. तेव्हा कुठं ही रेघ नकाशावरून गेली.

म्हणजे १०३ वर्षं. माझा विषय हाच : या १०३ वर्षांत हद्दीच्या दोन्ही अंगांना पसरलेली कुटुंबं एकमेकांकडं येत-जात कशी होती?

आता हे शोधायचं कुठं? १९१० चं बुलढाणा जिल्ह्याचं गॅझेटियर आहे, नेल्सननं संपादित केलेलं. त्यात शेती, सारा, जाती, बाजार, यात्रा सगळं मिळतं. पण लेकीला माहेरी आणायला निघालेली बैलगाडी त्यात मिळत नाही. सरकारला गाडीतल्या मालाशी काम होतं, गाडीतल्या लेकीशी नव्हतं.

म्हणून मी आजीकडं गेले.

मुराळी

आजीचं माहेर भोकरदन तालुक्यातलं, सासर धाड. तिची सासू तिची सख्खी आत्याच. म्हणजे आजोबांनी मामाची मुलगी केली. आपल्याकडं हे नवल नाही. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या या चालीची चर्चा केली आहे : मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी सहसा नाही. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या लेकी एकाच दिशेनं जातात. आमच्याकडं ती दिशा होती निजामातून वऱ्हाडात.

आणि लेकी गेल्या की दिवाळीला त्यांना आणायला कुणीतरी जाणार. तो मुराळी. भाऊ, नाहीतर बाप, नाहीतर चुलतभाऊ. आजी लहान असताना तिच्या आत्याला आणायला तिचे वडील दमणी जुंपून धाडला यायचे. एकदा तीही हट्टानं सोबत आली. ती आठवण तिनं मला तीन वेळा सांगितली, तिन्ही वेळा जवळपास सारखी :

"परतीच्या वाटंला नाक्यावं गाडी अडवली. आत्याच्या सासूनं करंज्याचा डबा दिला व्हता. त्या मानसानं झाकन उघडून पाह्यलं. म्या रडाया लागले, आता ह्यो खातो का काय म्हनून."

हा नाका करोडगिरीचा. निजामाच्या राज्यात बाहेरून येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावर जकात घेणारं हे खातं. मराठवाड्यात जुन्या माणसांच्या तोंडी हा शब्द अजून आहे. शिवाय नाणंही वेगळं होतं. निजामाचा तो हाली, इंग्रजांचा तो कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. आजी सांगते, आत्याला भाऊबीजेला माहेरी ओवाळणी पडायची ती हाली. धाडला परत आल्यावर ती मोडायची तर कमी भरायची. "माहेरचा रुपया सासरी लहान व्हतो," असं आत्या हसत म्हणायची म्हणे.

हे वाक्य ऐकलं आणि मला वाटलं, मिळालं! प्रकरणाचं शीर्षकच मिळालं.

पण इथं थांबा. आजी १९४८ ला सात वर्षांची होती. म्हणजे नाक्यावरची आठवण सहा-सात वर्षांच्या मुलीची, किंवा त्याहून लहान. ती तिनं पाहिलेली, की घरात दर दिवाळीला सांगून सांगून तिचीच झालेली? हे ठरवायचा उपाय माझ्याकडं नाही. मी प्रकरणात तसंच लिहिलं : ही घरात जपलेली गोष्ट आहे, प्रत्यक्षदर्शी साक्ष म्हणून मी ती वापरत नाही. पण शंभर वर्षांच्या हद्दीबद्दल या घरानं जपायला काय निवडलं, तर करंज्यांचा डबा. हे मात्र पुराव्यानिशी म्हणता येतं.

सणावरून साल कसं काढायचं

आता लाल पेनाकडं वळू. आजीला मी विचारायची, "हे कुठल्या साली?" ती म्हणायची, "मला काय ठावं माय!" मी हिरमुसायचे. पुढं लक्षात आलं, की तिच्याकडं काळ मोजायची पद्धत आहे, फक्त ती माझी नाही. ती म्हणते : "पोलीस ॲक्शन झालं त्याच्या फुडच्या दसऱ्याला", "अधिक आला व्हता त्या वर्सी", "मोठ्या दुष्काळाच्या दिवाळीला".

हे सगळं तारखेत आणता येतं. जुनी पंचांगं हाताशी ठेवा. दसरा आश्विन शुद्ध दशमीला, पण इंग्रजी कॅलेंडरात तो महिनाभर मागं-पुढं हलतो. २०१७ साली तो ३० सप्टेंबरला होता, २०२० साली अधिक आश्विन आला म्हणून २५ ऑक्टोबरला. अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, म्हणून "अधिक आला व्हता" एवढ्यावरूनही सालांची यादी छोटी होते.

हद्दीपलीकडच्या कागदांत आणखी एक गोष्ट सांभाळा. निजामाच्या महसुली कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन ढोबळपणे निघतो. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. कागद बहुतेक उर्दूत. आणि भोकरदन शोधताना जालना जिल्ह्याच्या नावानं शोधू नका, जालना जिल्हा १९८१ चा. त्याआधीचं सगळं औरंगाबादच्या नावावर.

याच पद्धतीनं मला माझी सगळ्यात मोठी तारीख मिळाली. आजीला तिच्या दिवाळसणाबद्दल विचारलं. लग्नानंतरची पहिली दिवाळी, जावयाला माहेरी बोलावतात ती. ती म्हणाली, "ज्या दसऱ्याला बाबासायेब नागपूरला आले, त्याच्या फुडची दिवाळी."

बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीला. त्या वर्षीचं लक्ष्मीपूजन आलं २ नोव्हेंबरला. आणि वऱ्हाड-मराठवाड्याची हद्द पुसली गेली १ नोव्हेंबरला. म्हणजे आजी आणि आजोबा दिवाळसणाला धाडहून निघाले तेव्हा मध्य प्रदेशातून हैदराबाद राज्यात जात होते, आणि त्याच मुक्कामात, दिवाळीच्या ऐन धामधुमीत, दोन्ही गावं एका राज्यात आली.

त्या रात्री मला झोप आली नाही. एवढा सुरेख योगायोग! मी मनातल्या मनात प्रकरणाचा शेवट लिहूनसुद्धा टाकला.

आणि मग गोष्ट मोडली

दुसऱ्या दिवशी आजीला मोठ्या उत्साहानं विचारलं, "परत येताना काय वाटलं? हद्द गेली होती ना!"

आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाची हद्द?"

मी समजावलं. राज्यं, मुंबई, नकाशा. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाका तर आधीच उठला व्हता. हालीबी गेला व्हता. आमाले काय कळनार, माय?" मग जरा थांबून : "तवा मला ताप व्हता. गाडीत हादरे बसत व्हते. तेवढं याद हाय."

बस. राज्य पुनर्रचनेच्या दिवशीची माझ्या आजीची नोंद एवढीच. ताप आणि हादरे.

माझा हा शेवट पाण्यात गेला. पण महिनाभरानं कळलं, की खरा मुद्दा इथंच होता. हद्द एका तारखेला जात नाही. ती तुकड्या-तुकड्यानं जाते. हैदराबाद संस्थान संपल्यावर लोकांच्या मनातली भीती गेली, मग हाली चलनातून गेला, नाका उठला. आणि सगळ्यात शेवटी नकाशावरची रेघ गेली, जी कुणाच्या बैलाला कधी अडलीच नव्हती. सरकारी तारीख हा त्या सगळ्या प्रक्रियेचा शेवटचा शिक्का. आपण संशोधक तो शिक्का बघतो आणि समजतो, की त्या दिवशी काहीतरी घडलं.

म्हणून सांगते : दफ्तरातली तारीख माणसाच्या आठवणीवर लादू नका. आठवण "हो" म्हणेल अशा पद्धतीनं प्रश्न विचारू नका. मी विचारला होता. आजी माझ्यापेक्षा सरळ निघाली म्हणून वाचले.

चूल मोजायची की पंगत?

हद्दीचं झालं. आता कुटुंबाचं. "मोठं कुटुंब" हा शब्द मीही आधी असाच वापरत होते, काही न तपासता. आमच्या मोठ्या काकांना विचारा, ते सांगतील : "आपलं चाळीस माणसांचं खटलं होतं." शिरगणती विचारा, ती वेगळं सांगेल. शिरगणतीत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. आमच्या घरात १९७२ च्या दुष्काळानंतर वाटण्या झाल्या आणि एका चुलीच्या चार झाल्या. रेशनकार्डंही चार. कागदावर बघाल तर एकत्र कुटुंब तिथं संपलं.

पण कार्तिकात आवळीचं जेवण असायचं. कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंत कधीतरी एका दिवशी सगळे शेतात जायचे. बांधावरच्या आवळीच्या झाडाखाली सडा टाकायचा, झाडाची पूजा करायची आणि तिथंच जेवायचं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, त्यावर तूप. या पंगतीला वाटणीनंतरही चारही चुली एकत्र असायच्या. दिवाळीला आलेल्या लेकी, त्यांची पोरं, कधी पलीकडचे मामा. काकांचे चाळीस जण ते हे! चुलीवरचे नाहीत, पंगतीतले.

समाजशास्त्रात हा वाद जुना आहे. आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुव्याचा अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं, माणसं वेगळी राहतात एवढ्यावरून कुटुंब विभक्त म्हणू नका, एकमेकांबद्दलची कर्तव्यं आणि मालमत्ता बघा. ए. एम. शहा यांनी १९७३ च्या पुस्तकात घर आणि कुटुंब या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. हे मी नेटसाठी पाठ केलं होतं. कळलं मात्र आवळीखाली.

आणखी एक. दिवाळीच्या आसपास घरातल्या बायका-पोरांची पहिली बाहेरची फेरी म्हणजे खरं तर सीतादही. कापसाची पहिली वेचणी सुरू करायच्या आधी शेतात पाच दगड मांडून त्यांना हळद-कुंकू, फुटलेली बोंडं, दहीभात वाहायचा. मग तो दहीभात वावरात शिंपडायचा आणि उरलेला खायचा. काका याला "सहल" म्हणतात. आजी हसते. "सहल कशाची? दहीभात खाल्ला की वटी बांधायची अन्‌ दिवस मावळंस्तोवर कापूस येचायचा."

तेच आवळीचं. काका सांगतात चाळीस माणसं जेवायची. आजी सांगते चाळीस माणसांचं करायला पहाटे तीनला उठायचं. पंगत बसायची ती आधी पुरुषांची आणि पोरांची. बायका शेवटी, उरलेल्या रोडग्यांवर. एकच दिवस, एकच झाड, दोन इतिहास. मी काकांशी आधी बोलले होते. त्यांच्यावरच थांबले असते, तर "आनंदी एकत्र कुटुंब" असं प्रकरण लिहून मोकळी झाले असते.

एक गोष्ट मात्र आजीनं स्वतःहून सांगितली. दिवाळीतले माहेरचे पाच-सहा दिवस सोडले, तर वर्षात तिला बसून ताट मिळायचं नाही. मुराळी यायचा त्याचं एवढं अप्रूप का, हे मला तेव्हा कळलं. हद्द, नाका, हाली हे सगळं पार करून जायचं ते फराळासाठी नव्हे. आयतं वाढलेलं ताट मिळावं म्हणून.

पंगतीत कोण नव्हतं?

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मसुदा वाचून एका मैत्रिणीनं विचारला. शेतात त्या दिवशी राबणारे लोक कुठं जेवायचे? मी आजीला विचारलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लांब. त्या निंबाखाली. त्यांचं आपुन वरून वाढायचो." काकांच्या सांगण्यात हा निंब कधी आलाच नव्हता.

आणि त्याच आजीनं आपला दिवाळसण लक्षात ठेवला तो बाबासाहेबांच्या दसऱ्यावरून. १९५६ नंतर एकाच गावातून दसऱ्याला दोन वाटा फुटल्या. काही घरं शमीचं सोनं लुटायला शिवेपर्यंत जायची, तर विदर्भातली हजारो बौद्ध घरं लेकराबाळांसह, भाकरी बांधून, नागपूरच्या दीक्षाभूमीकडं. सीमोल्लंघन म्हणावं असं काही असेल, तर ते कुठलं? गावशिवेवर जाऊन परत येणं, की निंबाखालची जागा कायमची सोडून देणं? "शरदातल्या कौटुंबिक सहली" या माझ्या विषयात दीक्षाभूमीचा प्रवास पहिल्या मसुद्यात नव्हता, ही चूक होती. आता त्याचं स्वतंत्र उपप्रकरण आहे आणि त्यासाठीच्या मुलाखती चालू आहेत.

तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी

एक. "साल कोणतं?" असं विचारू नका. "त्या आधी कुठला सण झाला होता? पीक काय उभं होतं? घरात तेव्हा कोण तान्हं होतं?" असं विचारा. कापूस फुटलेला होता की ज्वारी निसवली होती, यावरूनही महिना निघतो. फक्त आजचं पीक मागं नेऊ नका. आज दसरा-दिवाळीत आमच्याकडं सोयाबीनच्या मळणीची घाई असते. आजीच्या तरुणपणी सोयाबीन नव्हतंच.

दोन. एकाच प्रसंगाबद्दल घरातल्या किमान दोघांशी वेगवेगळं बोला, त्यातली एक व्यक्ती स्वयंपाकघरातली हवी. दोघं एकत्र बसली की एकाचीच आठवण उरते.

तीन. घरातला कागद बघा. आहेराची वही, दिवाळीच्या किराण्याची यादी, रेशनकार्ड, सात-बारा. मग दफ्तरखान्यात जा. वऱ्हाडासाठी नागपूरचं पुरालेखागार, पलीकडच्या बाजूसाठी छत्रपती संभाजीनगर आणि हैदराबाद. आधी घर आणि मग दफ्तर असं गेलात, तर काय मागायचं ते कळतं.

चार. गोष्ट फार सुरेख जुळली, की थांबा. परत विचारा.

सुधारलेलं प्रकरण गेल्या महिन्यात दिलं. परत आलं तेव्हा समासात एकाच ठिकाणी लाल पेन होतं. "कशाची हद्द?" या आजीच्या वाक्याखाली रेघ मारलेली, आणि शेजारी लिहिलेलं : "हे सुरुवातीला घ्या."

या दिवाळीला धाडला जाईन. आवळीचं ते झाड आता नाही, विहिरीच्या कामात गेलं. आजीला गाडीत बसवून भोकरदनच्या बाजूला तिच्या माहेरच्या शेतापर्यंत नेऊन आणायचं ठरवलंय. भाऊ तिथं कुणी उरला नाही, तेव्हा मुराळी मीच. रेकॉर्डर बंद ठेवणार आहे. आणि त्या दिवशी ताट मी वाढणार आहे.